आधी कठडा, मग भिंत: डांडिया बाजारातल्या एका घराची पावसाळ्यापूर्वीची रंगरंगोटी

वडोदऱ्याच्या डांडिया बाजारात मराठी कुटुंबांची जी जुनी घरं अजून टिकून आहेत, त्यांतल्या एका घराचं हे प्रकरण. रस्त्याकडचा, ईशान्येला तोंड असलेला भाग चुन्यात बांधलेल्या विटांचा. वर कौलं, पुढे सागवानी गॅलरी आणि अडीच फूट बाहेर आलेली वळचण. मागचा दुमजली भाग साधारण चाळीस वर्षांपूर्वी सिमेंटमध्ये वाढवलेला, त्यावर 34 बाय 28 फुटांची सपाट गच्ची. या मागच्या भागाची 34 फूट लांब, कठड्यासकट 24 फूट उंच भिंत थेट नैर्ऋत्येला उघडी आहे. शेजारी मोकळा प्लॉट असल्यामुळे आडोसा काहीच नाही.

कुटुंबाची तक्रार साधी होती. मागच्या भिंतीचा रंग दर दोन-तीन वर्षांनी फुगतो आणि पोपडे धरून उतरतो. आधीच्या दोन्ही वेळा रंग खरवडून, पुट्टी मारून, वर चांगल्या प्रतीचा रंग दिला होता. मे महिन्याच्या सुरुवातीला घरात मुंज होती, त्यामुळे मोठ्या काकूंचा आग्रह असा की समोरची बाजू आधी उजळावी, मागचं मग बघू. मार्चअखेर पाहणी झाली आणि काम नेमकं उलट्या क्रमाने लावायचं ठरलं.

क्रम उलटा का, तर वडोदऱ्यात पावसाळ्याचा वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. समोरची भिंत ईशान्येला, शिवाय वळचणीखाली. तिच्यावर पावसाचा झोत जवळजवळ येतच नाही. मागची भिंत मात्र चार महिने सपासप मार खाते. मोसमी पाऊस इथे जूनच्या मध्यानंतर पोचतो, पण वादळं तेवढी थांबत नाहीत. तौक्ते चक्रीवादळ 17 मे 2021 च्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलं, बिपरजॉय 15 जून 2023 ला कच्छमध्ये जखौजवळ. म्हणून वाऱ्याकडच्या भिंतीचा शेवटचा हात 15 मेच्या आत सुकलेला असावा, अशी सीमा धरली. ॲक्रिलिक रंग अर्ध्या तासात हाताला सुका लागतो, पण त्याचा थर पुरता जुळून पाण्याला दाद न देण्याइतका पक्का व्हायला आठवडा जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यात रंग काढून बसणं म्हणजे हा आठवडा नशिबावर सोडणं.

फुगवटे कुठे होते, यावरून रोग ओळखला

भिंतीवरचे फुगवटे सगळीकडे सारखे नव्हते. कठड्याच्या माथ्यापासून खाली दोन-अडीच फुटांचा पट्टा सर्वांत वाईट होता. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या रेषेत एक आडवी चीर होती आणि तिच्याखाली रंगाला तपकिरी ओघळ. एका खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघालेली. गच्चीच्या पाइपाच्या दोन्ही बाजूंना हिरवट-काळा बुरशीचा पट्टा. मधली भिंत मात्र जवळजवळ निरोगी, नुसती खडूसारखी पांढरी पूड सोडणारी. नुसत्या पावसाच्या झोताने रंग गेला असता, तर मधली भिंतही इतकी निरोगी राहिली नसती. रंगाच्या मागे पाणी वरून उतरत होतं.

खात्रीसाठी 45 सेंटिमीटर चौरसाचे जाड प्लास्टिकचे तुकडे संध्याकाळी तीन ठिकाणी चिकटपट्टीने चारही कडा बंद करून लावले: कठड्याखाली, भिंतीच्या मध्यावर आणि जोत्याच्या वर. सकाळी ऊन येण्याआधी पाहिलं. मध्यावरचा तुकडा कोरडा, जोत्यावरच्यात नुसतं धुकं. कठड्याखालच्यात थेंब धरलेले, आणि हे मार्चअखेर, पाऊस जाऊन पाच-सहा महिने झाल्यावर. गच्चीवर आठवड्यातून दोनदा धुणं-सांडणं होतं, पापड-कुरड्यांसाठी पाणी मारून फरशी स्वच्छ केली जाते. ते पाणी कठड्याच्या मुळाशी मुरत होतं.

त्याच दिवशी रंगाची पकडही पाहिली. पात्याने फुलीसारखी खूण करून त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढली. मध्यभागी रंग जागेवर राहिला. कठड्याखाली पट्टीबरोबर रंग आला, त्याच्या पाठीला पुट्टीचा पांढरा थर आला, आणि त्या थराची पाठ दमट होती. पुट्टी रंगाला धरून होती, प्लास्टरला नाही. बाहेरच्या भिंतीवर सरसकट पुट्टी ओढणं ही आमच्या मते या शहरात रंगाची सर्वांत महाग पडणारी सवय आहे. भिंत गुळगुळीत दिसते खरी, पण ओल आली की सगळ्यात आधी पुट्टीचाच थर सुटतो आणि वरचा रंग कितीही भारी असला तरी तो बरोबर घेऊन जातो. बाहेर पुट्टी फक्त खड्ड्यांपुरती.

कठडा

इथे सर्वांत जास्त वेळ गेला. कठडा साडेचार इंची विटांचा, दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह सहा इंच जाड, तीन फूट उंच. माथा सपाट, त्यावर केसासारख्या चिरांचं जाळं. असा माथा उन्हात तापून पसरतो, रात्री आकसतो. चिरा पडतात, पाणी विटेत शिरतं, आणि साडेचार इंची वीट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी ते पिऊन बसते. मग मे महिन्याचं ऊन बाहेरच्या बाजूने ते पाणी खेचतं आणि रंगाला आतून ढकलतं. रंगाचा फुगवटा तयार होतो तो पावसात कमी आणि उघडीप पडल्यावरच्या उन्हात जास्त, त्याचं कारण हे.

माथ्याचं प्लास्टर पूर्ण काढलं. त्यावर 25 मिलिमीटर जाडीचा, 9 इंच रुंदीचा कोटा दगड बसवला, दोन्ही बाजूंना दीड इंच बाहेर राहील असा, आणि उतार गच्चीच्या आत. उतार बाहेर दिला की माथ्यावरची सगळी धूळ पहिल्याच सरीत भिंतीवर काळ्या ओघळांनी उतरते. दगडाच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेपासून 20 मिलिमीटर आत, 8 ते 10 मिलिमीटरची खाच मशिनने काढून घेतली. ही खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकतं आणि परत भिंतीवर येतं. दगड बसवण्याआधी खाच काढणं दहा मिनिटांचं काम आहे. नंतर परांचीवर उभं राहून वर तोंड करून ती कोणी काढत नाही. दगडांचे सांधे सिमेंटने न भरता 5 मिलिमीटर मोकळे ठेवून पॉलियुरेथेन सीलंटने, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या मालाने, भरले.

गच्चीची फरशी आणि कठडा जिथे मिळतात तिथला जुना वाटा, म्हणजे कोपऱ्यात भरलेला सिमेंटचा गोलसर भराव, जागोजाग सुटलेला होता. तो फोडून, खालची जागा तारेच्या ब्रशने घासून, 1 भाग सिमेंट आणि 3 भाग वाळूच्या मालात तीन इंच त्रिज्येचा नवा वाटा घातला. मालात 50 किलोच्या गोणीमागे 5 लिटर एसबीआर लेटेक्स (सिमेंटमध्ये मिसळायचं रबरी द्रव्य). गोणपाट टाकून सात दिवस पाणी दिलं. एप्रिलमध्ये वडोदऱ्याचं ऊन इतकं कडक असतं की सकाळी मारलेलं पाणी अकरापर्यंत उडून जातं. गोणपाटाशिवाय नुसतं पाणी मारून या कामाला चिरा पडल्याशिवाय राहत नाहीत.

कठड्याची आतली बाजू कोणी रंगवत नाही, कारण ती रस्त्यावरून दिसत नाही. इथे ती मुद्दाम धरली. पाणी दोन्हीकडून शिरतं.

पाइपाचं गणित

गच्ची 952 चौरस फूट, म्हणजे सुमारे 88 चौरस मीटर. एवढ्या गच्चीला पाणी जायला एकच 75 मिलिमीटरचा पाइप होता, त्याच्या तोंडाशी कबुतराचं घरटं आणि कडुलिंबाचा पाला. ताशी 100 मिलिमीटरच्या पावसात 75 मिलिमीटरचा उभा पाइप साधारण 20 चौरस मीटर गच्चीला पुरतो, 100 मिलिमीटरचा 40 च्या थोडा वर. म्हणजे पाइप साफ असता तरी निम्म्याहून जास्त पाणी गच्चीवर तुंबणार, वाट्यातून मुरणार किंवा पाइपाच्या बाजूने भिंतीवर वाहणार. 31 जुलै 2019 ला वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे 18 इंच पाऊस पडला होता. त्या हिशेबाने बांधायला हवं, सरासरीच्या नाही.

जुना पाइप काढून 110 मिलिमीटरचा पीव्हीसी टाकला, दुसऱ्या टोकाला तसाच आणखी एक. दोन्हींच्या तोंडाला घुमटाकार जाळी बसवली, सपाट जाळी एका पानाने बंद होते. शिवाय कठड्यात गच्चीपासून दोन इंच वर एक सांडवा ठेवला, भिंतीपासून सहा इंच बाहेर येणारा. पाइप तुंबलेच तर सांडव्यातून पाणी पडताना खालून दिसतं आणि कोणीतरी वर जाऊन बघतं. पाइपाचे क्लॅम्प भिंतीपासून एक इंच सुटे घेतले, म्हणजे मागे ब्रश जातो आणि बुरशीला अडगळ मिळत नाही.

चिरा

स्लॅबच्या रेषेतली आडवी चीर आधी दोनदा सिमेंटने भरलेली होती आणि दोन्ही वेळा तिथेच परत उघडली होती. स्लॅब तापला की सरकतो, वीट तितकी सरकत नाही. अशा चालत्या सांध्यात कडक माल टिकतच नाही. चीर ग्राइंडरने 12 मिलिमीटर रुंद आणि 20 मिलिमीटर खोल कापली, धूळ ब्लोअरने काढली, आत 15 मिलिमीटरची फोमची दोरी दाबून वर 6 ते 8 मिलिमीटर सीलंट भरला. दोरीमुळे सीलंट फक्त दोन कडांना चिकटतो, तळाला नाही, म्हणून तो ताणला जाऊ शकतो. सीलंट पॉलियुरेथेनचाच घ्यायचा. दुकानात सहज मिळणाऱ्या साध्या सिलिकोनवर रंग बसत नाही, आणि एकदा सिलिकोन लागला की तो भाग कापून काढल्याखेरीज दुसरं काही धरत नाही.

खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी चीर 4 मिलिमीटरची होती, पण तिच्यावर आधीच्या वर्षी कुटुंबाने पेन्सिलीने केलेल्या खुणा जागच्या जागी होत्या, म्हणजे ती वाढत नव्हती. ती इंग्रजी व्हीच्या आकारात उघडून लेटेक्सच्या मालाने भरली, वर 150 मिलिमीटर रुंद फायबरची जाळी ॲक्रिलिक पेस्टमध्ये बसवली. एक मिलिमीटरच्या आतल्या केसचिरांना नुसती ॲक्रिलिक पेस्ट पुरते.

धुणं आणि वाळवणं

बुरशीच्या पट्ट्यावर थेट रंग दिला तर ती रंगाखालून वर येते. घरगुती वापराचा 4-5 टक्क्यांचा सोडियम हायपोक्लोराइट 1 भाग आणि पाणी 3 भाग करून ब्रशने लावला, पंधरा मिनिटं ठेवला, मग घासून स्वच्छ पाण्याने धुतला. हातमोजे आणि चष्मा घालूनच. यात ॲसिड किंवा दुसरं कोणतंही फिनेल-क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. कुंड्या आणि तुळस आधी हलवून ठेवली.

जोत्याजवळ लोणा (क्षारांची पांढरी पूड) फुटला होता, तो पाण्याने धुतला नाही. पाण्याने क्षार विरघळून परत भिंतीत जातात आणि सुकताना पुन्हा फुलतात. कोरड्या ब्रशने झाडून पूड पुठ्ठ्यावर गोळा करून टाकली, आठ दिवसांनी पुन्हा एकदा झाडली.

मग भिंतीला मोकळं सोडलं. एप्रिलच्या मध्यापासून 5 मेपर्यंत तिच्यावर काहीच केलं नाही. दुपारचं कोरडं ऊन हे या शहरात फुकट मिळणारं सर्वोत्तम औषध आहे, आणि नव्या सिमेंटची क्षारता (अल्कली) उतरायलाही तेवढे दिवस लागतातच. रंगारी मंडळींना हे थांबणं आवडलं नाही, त्यांची दुसरी कामं अडत होती. पण 5 मेला प्लास्टिकचे तुकडे पुन्हा लावले तेव्हा कठड्याखालचा तुकडाही कोरडा निघाला, तेव्हाच प्राइमरचा डबा उघडला.

रंग

भिंतीचं क्षेत्र 816 चौरस फूट, खिडक्या वजा जाता 720. अल्कली सोसणारा बाहेरचा ॲक्रिलिक प्राइमर एक हात, त्याला 8 लिटर गेला. वर लवचिक, म्हणजे इलॅस्टोमेरिक ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. साधा बाहेरचा इमल्शन दोन हातांत लिटरला 50 ते 60 चौरस फूट भागवतो. लवचिक रंग जाड बसवायचा असतो, त्याचा हिशेब 25 ते 30 असाच धरावा. 720 ला 27 लिटर. 20 आणि 10 लिटरचे डबे घेतले, उरलेला 3 लिटर डागडुजीला झाकण घट्ट लावून सावलीत ठेवला. दोन्ही डबे एकाच बॅचचे होते, तरी सुरुवातीलाच थोडे एकत्र घोळून घेतले.

पाणी घालण्यावर नजर ठेवावी लागते. डब्यावर जेवढं लिहिलंय तेवढंच. मे महिन्यात रंग लवकर ओढतो म्हणून कारागीर हात सोपा व्हावा यासाठी पाणी वाढवत जातात, आणि ज्या जाडीसाठी जास्त पैसे मोजले ती जाडीच राहत नाही. उपाय पाण्याचा नाही, वेळेचा आहे. नैर्ऋत्येच्या भिंतीवर ऊन दुपारी येतं, म्हणून तिथे सकाळी साडेसहा ते साडेदहा काम केलं. तापलेल्या भिंतीवर रंग जुळण्याआधीच सुकतो, सांध्यांचे पट्टे दिसतात आणि पकड कच्ची राहते. दोन हातांत किमान सहा तास, इथे तर एक रात्रच ठेवली.

परांची दुहेरी ओळीची बांधून घेतली, भिंतीत भोक न पाडता. एका ओळीच्या परांचीला बांबू टेकायला भिंतीत खड्डे करतात, नंतर ते घाईत बुजवतात, आणि पहिल्या पावसात आतल्या बाजूला गोल ओले डाग उमटतात.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघराची वायव्येची भिंत वेगळी हाताळली. तिच्यात आतून रोज वाफ आणि पाणी शिरतं. तिला लवचिक जाड रंग दिला असता तर आतली ओल अडकून फुगवटे आले असते. तिथे प्राइमरवर साध्या इमल्शनचे दोन हात दिले, ज्यातून भिंत थोडी श्वास घेते. नळाची गळती आधी बंद केली. सगळ्या घराला एकच भारी रंग हा सल्ला दुकानदाराच्या सोयीचा असतो.

खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांवर जुना ऑइल पेंट होता. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचे थर शिसं असलेले असू शकतात असं धरून पॉलिश पेपर ओला करूनच घासला आणि मुलांना त्या बाजूला फिरकू दिलं नाही.

समोरची बाजू

मुंजीसाठी समोरची भिंत फक्त झाडून, पुसून घेतली आणि गॅलरीच्या लाकडाला दोन हात तेल दिलं. चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिकसारखा रंग नको, हे काकूंना पटवायला एक जागा पुरली. दाराशेजारी कधीतरी सिमेंटने ठिगळ लावलं होतं. ठिगळ ठणठणीत होतं, पण त्याच्या चारही बाजूंचा जुना चुना भुसभुशीत होऊन बोटाने निघत होता. सिमेंटमधून ओल सहज बाहेर पडत नाही, ती बाजूच्या चुन्यातून वाट काढते. समोर चुन्याची सफेदीच द्यायची, पण तिला हळूहळू, ओलसर राहून पक्कं व्हायला हवा थोडी मऊ लागते. मे महिन्याच्या लू मध्ये ती पूड होऊन हाताला येते. म्हणून ती दसऱ्यानंतरवर टाकली.

पावसात काय दिसलं

पहिल्या सरींनंतर खिडक्यांच्या खाली चिकट, साबणासारखे पांढरट ओघळ दिसले. नव्या रंगातली विरघळणारी द्रव्यं वर येण्याचा तो प्रकार होता, रंग बिघडल्याचा नव्हे. पाण्याने धुवून गेले.

कठड्याखालचा पट्टा जुलै-ऑगस्टभर सपाट राहिला. स्लॅबच्या रेषेखाली ओघळ नाही. सांडव्यातून एकदा पाणी पडलं, वर जाळीवर पतंगाचा जुना कागद अडकला होता, तो काढला.

बिघडलं ते दुसरीकडेच. जूनच्या उकाड्यात वरच्या खोलीत एसी बसवला गेला. बसवणाऱ्याने नव्या रंगातून 65 मिलिमीटरचं भोक पाडलं, तेही आतल्या बाजूला उतरतं, आणि तांब्याची नळी सरळ आत नेली. कडेला थोडी पांढरी पुट्टी चोपडली. नळीवरून पाणी भोकात, भोकातून लवचिक रंगाच्या मागे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भोकाच्या फूटभर खाली तळहाताएवढा फुगा आला, दाबला की आत पाणी हलताना जाणवे. साधा रंग फाटला असता, हा ताणला गेला आणि पाणी धरून बसला. फुग्याच्या तळाशी पात्याने दोन सेंटिमीटरचा आडवा छेद देऊन पाणी काढलं, भोकावर वरून पत्र्याची टोपी लावली आणि नळीला भोकाखाली वळसा दिला, म्हणजे थेंब वळशाच्या तळाशी गळून पडतो. फुगा पावसात खरवडायला गेलं नाही. ओल्या भिंतीवर लावलेलं ठिगळ महिनाभरात सुटतं.

ऑक्टोबरसाठी आता एवढं ठरलंय. एसीच्या भोकाला बाहेरच्या बाजूला उतार देऊन पीव्हीसीची बाही बसवायची, कडा सीलंटने भरायच्या. फुग्याच्या कडेपासून सहा इंच चौफेर रंग काढून, प्लास्टिकच्या तुकड्याने कोरडेपणा बघून, उरलेल्या 3 लिटरमधून प्राइमरवर दोन हात द्यायचे. समोर दाराशेजारचं सिमेंटचं ठिगळ छिन्नीने काढून तिथे चुना-वाळूचा माल भरायचा, आणि तो पक्का झाल्यावर सफेदी. 1 किलो कळीचा चुना 5 लिटर पाण्यात रात्रभर विझवून, जाड कापडातून गाळून, गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घालून, दर हाताआधी भिंतीवर पाणी शिंपडत पातळ चार हात, एका दिवसाला एक.